दुपारच्या वन्सं

७ मार्च

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही हे उघडलं असेल, तर अर्धं काम झालं. आता निदान पहिलं पान वाचा. मी लिहितेय हे तुमच्या दादांना ठाऊक नाही. त्यांचा निरोप आहे असं समजू नका आणि त्यांची तक्रार आहे असंही समजू नका.

आईंना कॅन्सर आहे. मोठ्या आतड्याचा, आणि त्याचे दोन ठिपके यकृतावर. गेल्या महिन्यात न्हाणीघरात चक्कर येऊन खाली बसल्या. रक्त तपासलं तर अंगात रक्तच उरलेलं नाही, मग नळी घालून पाहिलं. गोल गोल लिहायला मला जमत नाही, म्हणून सरळ लिहिलं. घोटभर पाणी प्या आणि पुढे वाचा.

हे फार घाबरले आहेत. बाबा गेले तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, की दादाने बाबांना नळ्यांच्या जंगलात एकटं मरू दिलं. त्यावर ह्यांनी इतक्या वर्षांत एक शब्द काढलेला नाही, तुमचं नावही काढलेलं नाही. पण दवाखान्याचा जिना चढताना मधेच थांबतात. मी विचारलं तर म्हणतात, गुडघा. उपचार करावेत तर तुमचं वाक्य आडवं येतं, आणि करू नयेत तर आई समोर दिसतात.

मात्र आता तिथे एक नवी पद्धत निघाली आहे. वय झालेल्या पेशंटांसाठी दर बुधवारी दोन डॉक्टर एकाच खोलीत बसतात. एक कॅन्सरचे, दुसऱ्या म्हातारपणाच्या. म्हातारपणाचाही वेगळा डॉक्टर असतो हे मला माहीत नव्हतं, मला वाटायचं त्यावर औषधच नाही. आईंनी पहिल्याच भेटीत दोघांचं बारसं केलं. ते घाईवाले आणि ह्या चौकशीबाई. घाईवाले कागद बघतात आणि चौकशीबाई आईंना बघतात. हात न टेकता खुर्चीतून उठा, दारापर्यंत जाऊन या, घड्याळाचं चित्र काढा, जेवण किती, झोप कशी, ऐकू कुठल्या कानाने जास्त येतं. आई म्हणाल्या, "शाळेत नाव घालायला आणल्यासारखं चाललंय. आता पाढे तेवढे म्हणायला लावू नका." तर बाई म्हणाल्या, म्हणा बघू. आईंनी एकोणीसचा पाढा सुरू केला आणि मधेच विसरून गप्प झाल्या. त्या अशा कधी विसरत नाहीत.

मग बाईंनी विचारलं, घरात कोण कोण असतं?

"मी, मुलगा, सून," आई म्हणाल्या. "आणि दुपारी लेक येते."

बाईंनी ते लिहून घेतलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्सची चेन लावत बसले.

वन्सं, तुम्ही येत नाही हे मला माहीत आहे. दुपारी दाराला आतून कडी असते आणि कडी मीच लावते. पण आई जेवून पडल्या, की खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीकडे तोंड करून बोलू लागतात. आधी मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत. पण देवाचं नाव घेताना माणूस मधे मधे थांबत नाही. आई थांबतात. समोरच्याला उत्तर द्यायला लागेल तेवढ्याच थांबतात, आणि मग "हो का" म्हणतात.

तुम्ही खुशाल असालच. तरी एक ओळ लिहून पाठवा, तुमच्या हातची. टाइप केलेली नको. का, ते विचारू नका.

तुमची वहिनी

२ एप्रिल

वन्सं,

तुमचं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून चालते आणि दुसरं टाकते.

त्या बुधवारी आम्हाला बाहेर बसवून दोघा डॉक्टरांचं बराच वेळ चाललं होतं. दार नीट लागत नाही, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. घाईवाले म्हणत होते, बाईंना भास होताहेत, आजार डोक्यापर्यंत गेला असेल, नसला तरी अशा माणसाला कॅन्सरची औषधं झेपणार नाहीत, दुखू नये एवढं बघू आणि घरी पाठवू. चौकशीबाई म्हणाल्या, मला तीन आठवडे द्या. ते म्हणाले, गाठ तीन आठवडे थांबत नाही. त्या म्हणाल्या, "गाठ आतड्यात आहे, पण औषध या बाईंना घ्यायचंय. त्या कोण आहेत ते आधी कळू दे." शेवटी डोक्याचा फोटो काढून घ्यायचा आणि तीन आठवडे थांबायचं, असं ठरलं. फोटोत काही निघालं नाही.

मग बाईंनी माझी पिशवी उपडी केली. घरातल्या सगळ्या गोळ्या आणा म्हणाल्या होत्या, त्या मी आणल्याच होत्या. झोपेची गोळी एका डॉक्टरांनी दिलेली, खाजेची दुसऱ्यांनी, लघवीची तिसऱ्यांनी. एकाने लिहून दिलेलं दुसऱ्याला ठाऊक नाही. मी मात्र पट्टी संपली की तीच आणायची, एक दिवस चुकवायचा नाही, हे देवधर्मासारखं पाळत आले. बाई म्हणाल्या, या तिन्ही एकत्र झाल्या की म्हाताऱ्या माणसाला दिवस कुठला नि रात्र कुठली तेही समजत नाही. माझा चेहरा बघून पुढे म्हणाल्या, "तुम्ही नेमाने दिल्यात म्हणून तर मला लगेच सापडलं." झोपेची हळूहळू कमी करून तिन्ही बंद केल्या. कानातला मळ काढला. चष्म्याचा नंबर बदलला.

आणि वन्सं, आई परत आल्या. दुधाचा महिन्याचा हिशेब माझ्याआधी तोंडी करतात. पत्त्यांत ह्यांना हरवतात आणि वर म्हणतात, "लहानपणीही असाच रडायचास." एकोणीसचा पाढा उलटा म्हणून दाखवला. घाईवाल्यांनी हात जोडले.

म्हणजे आता दुपारचं बोलणंही थांबायला हवं होतं.

ते थांबलेलं नाही. उलट आता स्वच्छ बोलतात. चौकशीबाईंनी विचारलं, तर आई अजिबात न लपवता म्हणाल्या, हो, येते की. कशी दिसते? वाळली आहे. डोक्याला निळी लोकरीची टोपी असते, ती काढत नाही. खुर्चीत बसते, खिडकीकडे पाठ करून. भीती वाटते का? आई हसल्या. "पोटच्या पोरीची कसली भीती?" बाई म्हणाल्या, मग येऊ दे.

औषध सुरू झालं आहे. सुईचं नाही, गोळ्यांचं, तेही नेहमीपेक्षा कमी मापाचं. किती कमी हे दोघांनी मिळून ठरवलं. घाईवाले मापाबद्दल बोलायचे आणि बाई चालण्याबद्दल, शेवटी कुठेतरी मधे आले.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. पहिली पट्टी सुरू झाली त्या संध्याकाळी आई मला म्हणाल्या, तळपायांना आतापासूनच मलम लावत जा, गरम पाण्याने शेकू नकोस, नाहीतर लाल होऊन सोलवटतील. ती सांगत होती. तिचेही असेच सोलवटले होते. मी हो म्हटलं आणि लावत गेले. पुढच्या बुधवारी घाईवाल्यांनी पाय बघितले आणि विचारलं, हे मलमाचं तुम्हाला कुणी सांगितलं? मी आज सांगणार होतो.

मला कुणी सांगितलेलं नव्हतं. ह्यांनाही माहीत नव्हतं. हे ज्याने सोसलंय त्यालाच माहीत असणार.

चहाचंही सांगते. आईंचा आग्रह असतो, म्हणून मी दुपारी दोन कप नेते. दोन्ही एकाच भांड्यातले. दुसरा कोणी पीत नाही, आई म्हणतात ती हात शेकायला नुसता धरून बसते, हाताला मुंग्या येतात तिच्या. वाया घालवणं जिवावर येतं, म्हणून परत आणल्यावर तो मी पिते. वन्सं, आईंच्या कपातून वाफ येत असते, आणि हा दुसरा थंडगार असतो. रात्रभर बाहेर राहिल्यासारखा.

जिवंत माणूस असं येत नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून मी ती ओळ मागितली होती. तुम्हाला काही झालं आहे का? झालं असेल तर तुमच्या घरच्या कुणीही हे पत्र वाचून मला कळवावं. देवापुढे मी रोज तुमचं नाव घेते, पण आधी काय मागायचं तेच कळत नाही.

वहिनी

१९ एप्रिल

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. "मी ठणठणीत आहे. केस कमरेपर्यंत आहेत. टोपी घालत नाही. पुन्हा लिहू नये."

मी कार्ड पदराखाली घेऊन देवापुढे बसले आणि पोटभर रडले. पुन्हा लिहू नये असं लिहिलंत, पण ते लिहायला तिकीट चिकटवलंत. मला तेवढं पुरे आहे.

भाजी चिरायला घेतली तेव्हा डोक्यात आलं, मग आईंच्या खोलीत कोण बसतं?

दुपारी आईंना कार्ड दाखवलं. त्यांनी नवा चष्मा लावून अक्षरावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "हिचंच आहे." मग जसं काही दुधाला उशीर का झाला ते सांगावं, तसं म्हणाल्या, "आज ठणठणीतच असेल गं. ही आजची नाही."

मी विचारलं, म्हणजे?

"हिच्या भुवया पांढऱ्या झाल्यात. हातावर सुया टोचलेल्याच्या खुणा आहेत. मी विचारलं तिला, बये, अशी कशी झालीस? तर म्हणाली, डॉक्टरकडे उशिरा गेले, आई. त्रास होत होता तरी मूळव्याध असेल म्हणून अंगावर काढलं."

एवढं बोलून त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी तशीच उभी होते. खिडकी बंद होती, पण माझ्या पायांना थंड लागत होतं.

वन्सं, तुम्हाला तसा काही त्रास आहे का, ते मला ठाऊक नाही. असला तरी तुम्ही मला सांगणार नाही हे ठाऊक आहे.

बुधवारी ह्यांना औषधांच्या रांगेत पाठवलं आणि मी एकटीच आत गेले. सगळं सांगितलं. मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई, आता ही कामातून गेली असं म्हणतील, हे धरूनच गेले होते. चौकशीबाई हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की आईंच्या माहेरी पोटाने कोण गेलं? मी म्हटलं, दोन्ही मावश्या, आईंच्या सख्ख्या बहिणी, दोघी साठीच्या आत. हे आम्ही आधी का नाही सांगितलं? कुणी विचारलंच नव्हतं, आणि आम्हाला तो वेगळा आजार वाटत होता. त्या काळी पोटात दुखून गेली एवढंच म्हणायचे. बाईंनी वळून घाईवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. ते पेन खाली ठेवतात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"खुर्चीतल्या बाईंबद्दल मला काही सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण जी जिवंत आहे तिच्याबद्दल सांगतो. आई आणि दोन मावश्या. या मुलीची तपासणी याआधीच व्हायला हवी होती."

सोबतची चिठ्ठी त्या दोघांनी मिळून लिहिली आहे. खाली दोघांच्या सह्या आहेत. तुमच्या तिथल्या कुठल्याही डॉक्टरला दाखवा, नळी घालून बघतात, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध घ्यावं लागतं, तेवढा एक त्रास. आईंच्या वेळी मी होते, म्हणून सांगते.

मला हसायचं तर हसा. पण तपासणी करून या आणि मग हसा.

वहिनी

२३ मे

वन्सं,

महिना उलटला. तुम्ही गेला नाहीत. मला कसं कळलं, ते पुढे वाचा.

दुपारी येतात त्या आता खुर्चीत बसत नाहीत. आई म्हणतात, बसवत नाही तिला, पाठ दुखते. पलंगावर येऊन पडते. आई भिंतीकडे सरकायच्या ऐवजी अलीकडे सरकतात, भिंतीकडची उबदार बाजू तिला देतात, आणि स्वतः कडेवर कलंडून झोपतात. परवा अर्ध्या खाली आल्या होत्या. मी वेळेवर पोचले म्हणून कंबर वाचली.

चौकशीबाईंना सांगितलं तर त्यांनी समजूत घालत बसण्याऐवजी हिशेब केला. म्हणाल्या, आईंना भिंतीकडे झोपवा आणि त्यांना सांगा, की आजारी माणसाला बाहेरची बाजू द्यावी, उठायला सोपं पडतं. आईंना ते पटलं. घाईवाले म्हणाले, मी एवढी वर्षं ट्यूमर मोजतोय, पलंगावर कोण कुठल्या बाजूला झोपतं हे कधी मोजलं नव्हतं. दर बुधवारी निघताना तेही हळूच विचारतात, कशी आहे ती? सुरुवातीला थट्टेने विचारायचे. हल्ली विचारतात तेव्हा हसत नाहीत.

ह्यांना आता सगळं माहीत आहे. लपवणार तरी किती? मी पत्रं लिहिते हे कळल्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, तिने त्यात माझ्याबद्दल काही लिहिलंय का? मी म्हटलं, एकच कार्ड आलंय आणि त्यात केसांबद्दल आहे. तेव्हापासून दुपारी घरी असले की आईंच्या दारात जाऊन उभे राहतात. आत जात नाहीत. काल मला म्हणाले, खोलीत दवाखान्यासारखा वास येतो. मी म्हटलं, मला रोजच येतो.

काल मी आईंचा पाय चेपायला पलंगाच्या कडेला बसले. आई म्हणाल्या, "जरा सरक. तिच्या हातावर बसलीस."

मी उठले. गादीवर मी बसले होते तिथे खळगा होता, तो माझा. त्याच्या बाजूला दुसरा होता, लांबट, जसा कुशीवर निजलेल्या माणसाचा होतो. मी बघत असताना तो हळूहळू भरून वर आला. कुणी उठून गेल्यावर येतो तसा.

आईंनी ऐकलेलं सांगते. त्या म्हणाल्या, ती आता फार बोलत नाही. परवा एवढंच म्हणाली, की वहिनीने पत्र लिहिलं होतं. मी वाचलं आणि ठेवून दिलं.

वन्सं, मी असली पत्रं लिहिणारी बाई नाही. भूतबाधा, अंगात येणं, गंडेदोरे, मी कशालाही कधी पैसा घातला नाही. देव एक आहे आणि तो बघतो, एवढंच मला पुरत आलंय. पण माझ्या घरात, माझ्या सासूच्या अंथरुणावर कुणीतरी रोज थोडं थोडं मरतंय, आणि तिचा चेहरा तुमचा आहे. चिठ्ठी ठेवून देऊ नका. ठेवून दिलीत की काय होतं ते मी रोज चहा घेऊन बघायला जाते.

वहिनी

३० जून

वन्सं,

तुमचं सहा पानी पत्र आईंना दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मी, दुसऱ्यांदा ह्यांनी. वाचताना ह्यांचा आवाज कुठे अडला ते लिहीत नाही. तुम्हाला कळेल.

तुम्ही चिठ्ठी खरंच डब्यात ठेवून दिली होती, आणि माझं मागचं पत्र वाचून ती बाहेर काढलीत. गाठ लहान होती, नळीतूनच निघाली, कुठे पसरलेली नाही, औषधंही नकोत, फक्त दरवर्षी तपासायचं. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर अंगावर काढलं असतंत तर गोष्ट वेगळी झाली असती. ती वेगळी गोष्ट आमच्याकडे येऊन बसत होती, वन्सं. मी देवाला काही नवस बोलले नव्हते, नुसतं मागत होते. त्याने दिलं.

आता पुढचं लिहिते. हे तुम्हाला आवडणार नाही, पण तुम्हालाच लिहायला हवं.

तुमची तपासणी गुरुवारची. पत्र मागाहून आलं, तेव्हा त्या गुरुवारी आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. नेहमीसारखी मी दोन कप घेऊन गेले. ठेवले. आई पलंगावर उठून बसलेल्या, अंथरुणाच्या बाहेरच्या बाजूकडे बघत होत्या. मीही बघत राहिले. दोन्ही कपांतून वाफ येत होती. किती तरी वेळ दोन्हींतून सारखीच येत राहिली. खोलीला नुसता धुतलेल्या चादरीचा वास होता.

"गेली," आई म्हणाल्या.

मी म्हटलं, येतील उद्या. नाही आल्या. परवाही नाही.

तुमचं पत्र आल्यावर मला वाटलं, आता आनंद होईल. आईंनी सगळं ऐकून घेतलं, देवाला हात जोडले. मग म्हणाल्या, "चांगलं झालं. पण जी येत होती ती आता होणारच नाही. मग येणार कोण?" आणि भिंतीकडे वळल्या.

तेव्हापासून जेवण दोन घासांवर आलं आहे. गोळी तोंडात ठेवतात आणि मी पाठ फिरवली की रुमालात काढतात. मी रुमाल धुते, मला दिसतं.

परवाच्या बुधवारी सगळे बसलो. घाईवाल्यांनी फोटो दाखवला, यकृतावरचे ठिपके अर्धे झाले आहेत. गोळ्या लागू पडताहेत, ते अगदी आनंदाने म्हणाले. चौकशीबाई म्हणाल्या, वजन उतरलंय, आणि पहिल्यांदाच खुर्चीतून उठताना हात टेकले. ते म्हणाले, मग माप आणखी कमी करू. त्या म्हणाल्या, हे औषधाने नाही. त्यांनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाले, "माझ्याकडे गाठीवर औषध आहे. वाट बघण्यावर नाही."

चौकशीबाई उठून आईंच्या चांगल्या कानाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, तुम्ही ठरवा. गोळ्या नको असतील तर नको. आम्ही दोघंही रागावणार नाही. पण तुम्हाला काय हवंय ते आम्हाला कळायला हवं.

आईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "ती यायची तेव्हा चपला वाजायच्या नाहीत. आधी कधी मनावर घेतलं नाही, आता आठवतंय. दार वाजायचं नाही, जिना वाजायचा नाही, एकदम खुर्चीतच असायची." चष्मा परत डोळ्यांवर ठेवला. "सून म्हणते लेक वाचली. पत्रही आहे. सून खोटं बोलत नाही. पण पत्र काय, कुणीही वाचून दाखवतं. मला चपला ऐकू येऊ देत. मग घेईन तुमची गोळी."

चौकशीबाईंनी घाईवाल्यांकडे पाहून विचारलं, महिनाभर थांबलं तर चालेल? त्यांनी फोटो पुन्हा वर धरला. म्हणाले, महिना चालेल. दोन नाही चालणार. मग आईंसमोर वाकून, मोठ्याने, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाले, "आजी, महिनाभर गोळी बंद. पण जेवायचं." आईंनी विचारलं, आज एवढा वेळ कसा आहे तुमच्याकडे?

घरी येताना हे दवाखान्याच्या जिन्यावर थांबले. मी विचारलं नाही, गुडघा का. ते म्हणाले, पत्रात लिही, की. आणि पुढे काही सुचेना त्यांना. दोन पायऱ्या उतरून म्हणाले, "राहू दे. कुठल्या गाडीने येते तेवढं विचार. मी जाईन घ्यायला."

तेव्हा विचारते. कुठल्या गाडीने येता?

सामान फार आणू नका, अंथरुण-पांघरुण आहे. आईंशी उजव्या बाजूने बोला. त्या तुमचे हात उलटेसुलटे करून बघतील, भुवया बघतील, बघू द्या. वाद घालायचा असेल तर ह्यांच्याशी घाला, ते वाट बघताहेत. चहा मी दोन कप नेईन, तुम्ही तो गरम असतानाच प्या, माझ्यादेखत.

आणि एक. आम्ही दुपारी सगळे सावकाश, आवाज न करता वावरतो, ती सवय लागून गेली आहे. तुम्ही तसं करू नका. दार जोरात वाजवा. खालच्या पायरीपासून चपला वाजवत वर या.

तुमची वहिनी